राखेचा जबाब

दिवाळी झाली की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत गवताची कापणी सुरू होते. भात खळ्यावर येते आणि त्याच सुमारास माळावरचे, डोंगरउतारावरचे गवत विळ्याने कापून वाळत घातले जाते. वाळलेल्या गवताचे भारे वखारीत येतात. तेथे ते दाबून त्याच्या गाठी बांधतात. मग त्या गाठी ट्रकमध्ये भरून मुंबईकडच्या म्हशींच्या तबेल्यांकडे रवाना होतात. कल्याण-मुरबाड रस्त्याने जाताना अशा गंजी आणि गाठींचे ढीग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

अशीच एक वखार डोळ्यांसमोर आणा. ती खरी नाही, समजण्यासाठी आपण ती मनाने उभी केली आहे. एके रात्री दोनच्या सुमारास ती पेटली. गाव जागे झाले. विहिरीवरून हंडे-बादल्या आल्या, पण वाळलेल्या गवतापुढे बादलीभर पाणी काय करणार? बंब दुरून येईपर्यंत निम्म्याहून अधिक माल जळून गेला. सकाळी राखेभोवती माणसे जमली आणि बोलू लागली. आठ दिवसांपूर्वी वखारमालकाचे शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून भांडण झाले होते. "तुला बघून घेईन," असे तो शेतकरी चारचौघांत बोलला होता. आदल्या संध्याकाळी त्याला वखारीजवळून डबा घेऊन जाताना एका बाईने पाहिले होते. झाले! दुपारपर्यंत साऱ्या गावाचा निकाल लागला : आग त्यानेच लावली.

आता विचार करा. भांडण झाले हे खरे, डबा होता हेही खरे. पण एवढ्यावरून त्या माणसाला बेड्या घालता येतील का? त्याने खरोखरच आग लावली असेल, तर तो सुटता कामा नये. आणि लावली नसेल, तर? निरपराध माणूस तुरुंगात जाईल, त्याची मुले शाळेत मान खाली घालून बसतील आणि आगीचे खरे कारण तसेच राहून पुढच्या वर्षी दुसरी वखार जळेल. म्हणूनच पोलीस, अग्निशमन दलाचे अधिकारी आणि न्यायसहायक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ लोकांचे जबाब तर घेतातच, पण त्याशिवाय आणखी एका साक्षीदाराचा जबाब घेतात. तो साक्षीदार म्हणजे राख.

या कामातले पुष्कळसे मराठी शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. फिर्याद, जबाब, कैफियत, मुद्देमाल, जप्ती, हजर, फरार हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीच्या कचेऱ्यांत आले आणि येथेच राहिले. 'पंचनामा' हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. त्यातील 'पंच' आपल्या गावच्या पारावरचा आणि 'नामा' फारसीचा. पंचांच्या समक्ष जागेची पाहणी करून जे लिहून ठेवतात, तो पंचनामा. आगीच्या तपासाची सुरुवात बहुधा येथूनच होते.

आग हा फार विचित्र गुन्हेगार आहे. चोर चोरी करून पळून जातो, पण त्याच्या पावलांचे ठसे मागे राहतात. आग मात्र आपले ठसे आपणच खाऊन टाकते. जे उरते त्यावर बंबाचे पाणी पडते, छप्पर कोसळते, मदतीला धावलेल्या माणसांची पावले उमटतात. तरीही सगळे पुसले जात नाही. कोणती वस्तू किती जळली, कोणत्या बाजूने जळली आणि कोणती वाचली, यांत आगीच्या प्रवासाची खूण राहते.

तपास करणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. आग कोठे लागली? आणि कशी लागली? यांचा क्रम बदलून चालत नाही. पुष्कळ माणसे दुसरा प्रश्न आधी सोडवतात आणि तेथेच चुकतात. जळलेल्या घरात जळकी तार दिसली की 'शॉर्टसर्किट' असे म्हणून मोकळे होतात. वर्तमानपत्रांतही दुसऱ्या दिवशी तसेच छापून येते. पण घर जळल्यावर घरातील तारा जळणारच! ती तार आगीच्या उगमाच्या जागी होती का, हे आधी ठरले पाहिजे. उगम स्वयंपाकघरात असेल, तर माजघरातील तार आगीची आई होऊ शकत नाही. ती आगीची बळी आहे.

उगम शोधण्यासाठी तपास अधिकारी एकदम राखेच्या मध्यभागी शिरत नाही. तो आधी बाहेरून चारी बाजूंनी फिरतो. छायाचित्रे घेतो, आराखडा काढतो. मग जेथे सर्वांत कमी जळले आहे तेथून आत शिरतो आणि जास्त जळलेल्या भागाकडे हळूहळू जातो.

वाटेत त्याला पहिली मदत करते ती भिंत. ज्वाळा आणि गरम वायू हलके असतात, म्हणून ते वर चढतात आणि चढता चढता दोन्ही बाजूंना पसरतात. भिंतीजवळ काही पेटले तर त्यामागच्या भिंतीवर खाली अरुंद आणि वर रुंद असा काळा डाग उमटतो. उर्दूत सात हा आकडा कसा लिहितात ते आठवा. खाली टोक, वर दोन फाटे. हुबेहूब तसाच! त्या आकड्याचे खालचे टोक जेथे असेल, तेथे काहीतरी पेटले होते असे समजावे. कधीकधी याच्या उलटा, म्हणजे उर्दूतील आठाच्या आकड्यासारखा डागही दिसतो. आग लहान असून छतापर्यंत पोहोचण्याआधीच विझली, म्हणजे असा डाग पडतो.

दुसरी मदत लाकूड करते. आपल्याकडच्या जुन्या घरांना सागाचे किंवा ऐनाचे वासे असतात. वासा ज्या बाजूने आगीला सामोरा होता, ती बाजू अधिक खोल कोळपलेली असते, आणि पाठीमागची बाजू कधीकधी जशीच्या तशी राहते. चार-पाच वाशांच्या जळक्या बाजू पाहिल्या की सगळे जणू एकाच दिशेकडे बोट दाखवू लागतात.

धातूही बोलतात. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना आणि तांबे १,०८५ अंशांना. एका कोपऱ्यातील ॲल्युमिनियमचे पातेले वितळून त्याचा गोळा झाला असेल आणि दुसऱ्या कोपऱ्यातील पातेले नुसते काळे पडले असेल, तर कोणत्या कोपऱ्यात उष्णता जास्त होती हे सांगायला विद्वान लागत नाही. जुन्या प्रकारचा, तारेचा विजेचा दिवा असेल तर तोही साक्ष देतो. अशा मोठ्या दिव्यांत वायू भरलेला असतो. काच ज्या बाजूने तापून मऊ होते, त्या बाजूला आतला वायू तिला फुगवतो. दिवा फुटला नाही, तर त्याचा फुगवटा आग आली त्या बाजूकडे राहतो.

दाराच्या बिजागरीवरून आगीच्या वेळी दार उघडे होते की बंद, ते कळते. कारण बिजागरीचा मिटलेला भाग काजळीपासून वाचतो. राखेत पडलेले कुलूप लावलेले आहे की उघडे, हेही अधिकारी नीट पाहतो. बंद पडलेले घड्याळ मिळाले, तर ते वेळ सांगते.

डोंगरावरच्या वणव्याचा तपास थोडा निराळा असतो. मुरबाडपासून माळशेज घाटापर्यंतचे डोंगर उन्हाळ्यात काळे पडलेले तुम्ही पाहिले असतील. तेथे भिंती नाहीत, बिजागऱ्या नाहीत. पण दगड आहेत. दगडाच्या ज्या बाजूला आग येऊन भिडली ती बाजू अधिक डागाळते, आणि आडोशाची बाजू स्वच्छ राहते. वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकणाऱ्या आगीत गवताची ताटे बुडाशी जळतात आणि आग जिकडून आली तिकडे कलून पडतात. अशा शेकडो लहान खुणा पाहत, जमिनीवर झेंड्या रोवत वनकर्मचारी मागे मागे जातो. शेवटी तो एखाद्या पायवाटेपाशी, विझवून न टाकलेल्या चुलीपाशी किंवा राब भाजलेल्या शेताच्या कडेशी येऊन थांबतो.

हे सारे वाचून हे काम सोपे आहे असे वाटेल. तसे ते नाही. आणि त्यात चूक झाली तर काय होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बंद खोलीत सोफा किंवा गादी पेटली की गरम धूर छताखाली साठत जातो. त्या थराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत गेले की एक भयंकर गोष्ट घडते. वरून येणाऱ्या उष्णतेने खोलीतील प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. सतरंजी, मेज, पुस्तके, सारे काही. आता साऱ्या खोलीची जमीन जळते आणि तिच्यावर वेडेवाकडे काळे पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले की पूर्वीचे तपास अधिकारी खात्रीने सांगत, "येथे पेट्रोल ओतलेले आहे."

१९९० साली अमेरिकेतील जॅक्सनव्हिल या शहरात एका घराला आग लागून सहा माणसे मरण पावली. घरातील एका पुरुषावर आरोप आला. तो सांगत होता की आग सोफ्यावर लागली. पण जमिनीवरचे पट्टे पाहून तज्ज्ञांना पेट्रोलचा संशय होता. त्या घराशेजारी तसेच दुसरे एक मोडकळीस आलेले घर होते. तज्ज्ञांनी ते तसेच सजवले. तसाच सोफा, तसेच पडदे मांडले आणि सोफ्याला काडी लावली. पेट्रोलचा एक थेंबही वापरला नाही. पाच मिनिटांच्या आत सारी खोली पेटली आणि जमिनीवर हुबेहूब तसेच पट्टे उमटले! आरोप मागे घेण्यात आला. त्या तज्ज्ञांची मला तारीफ करावीशी वाटते. आपले मत खोटे ठरू शकेल असा प्रयोग त्यांनी स्वतःच करून पाहिला.

दुसऱ्या एका बापाचे नशीब असे नव्हते. १९९१ च्या डिसेंबरात टेक्सास राज्यातील कॉर्सिकाना गावी त्याच्या घराला आग लागली आणि त्याच्या तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे पट्टे, तडे गेलेल्या काचा वगैरे खुणा दाखवून आग मुद्दाम लावली असे न्यायालयात सांगण्यात आले. २००४ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला. त्या खुणांवरून असा निष्कर्ष काढायला शास्त्राचा आधार नव्हता, असे आगीच्या अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात ते पेट्रोलमुळे जातात, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. प्रत्यक्षात तापलेल्या काचेवर बंबाचे पाणी पडले की ती तशी तडकते. आपल्याच घरी गरम कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे आजीला विचारले असते तरी समजले असते! १९९२ साली अमेरिकेत आगीच्या तपासाची एक सविस्तर मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध झाली, आणि अशा जुन्या समजुती एकेक करून मागे पडू लागल्या.

आता आपल्याकडच्या दोन आगी पाहू.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, गंधक आणि तेलाची पिंपेही होती. आगपेटी आणि काड्या एकत्र ठेवाव्यात तसाच हा प्रकार. दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. शेकडो टन पाणी ओतले गेले. पण दाट धुरामुळे आग नेमकी कोठे आहे हेच सापडेना! पाणी आगीवर पडत नव्हते, आगीच्या आसपास पडत होते. कोठारातले पाणी उकळू लागले. जहाजाच्या पोलादी बाजूवरचा रंग एका ठिकाणी फुगून सोलू लागला. आग पत्र्याच्या पलीकडून आपला पत्ता सांगत होती, पण तेथपर्यंत वेळेवर पोहोचता आले नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्याची नोंद झाली. शेकडो माणसे मरण पावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

युद्धाचे दिवस असल्याने हा शत्रूचा घातपात असावा असे अनेकांना वाटले. चौकशी झाली. जहाज तर उडून गेले होते, राखही उरली नव्हती. मग चौकशी करणाऱ्यांनी वाचलेल्या माणसांना विचारले : धूर प्रथम कोणी पाहिला, कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने, त्या कोठारात काय काय आणि कोणत्या क्रमाने रचले होते? या उत्तरांवरून आग कापसात लागली आणि ती अपघाताने, बहुधा कोणाच्या तरी सिगारेटमुळे लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. 'बहुधा' हा शब्द ध्यानात ठेवा. एवढ्या मोठ्या चौकशीनेही त्याहून पुढे पाऊल टाकले नाही.

दुसरी आग अलीकडची आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळ येथे कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर आग लागली. तेथे शेजारी शेजारी दोन उपाहारगृहे होती. चौदा जणांचा मृत्यू झाला. बरेच जण धुरापासून वाचण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तेथेच गुदमरले. ज्या उपाहारगृहात माणसे गेली, तेथेच आग लागली असणार, असे प्रथम सर्वांना वाटले. गुन्हाही पहिल्यांदा त्याच्याच मालकांवर नोंदवला गेला. मग महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाने चौकशी केली. जळालेली जागा तपासली, हजर असलेल्यांचे जबाब घेतले, लोकांनी मोबाईलवर टिपलेल्या चित्रफिती पाहिल्या. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात म्हटले होते की आग शेजारच्या उपाहारगृहात सुरू झाली. हुक्क्यासाठी फुलवलेल्या कोळशाची ठिणगी उडून सजावटीच्या कापडाने पेट घेतला असावा आणि ती आग पुढे पसरली. मग त्या दुसऱ्या उपाहारगृहाच्या मालकांवरही गुन्हा दाखल झाला. उगमाची जागा काही पावले सरकली आणि आरोपींची यादी बदलली. आपल्याकडे पहिली माहिती येते ती आगीने सर्वांत जास्त नुकसान कोठे केले याची. आग कोठे जन्मली याची नव्हे.

उगम सापडला की दुसरा प्रश्न येतो : पेटले कसे? आग लागायला तीन गोष्टी लागतात. जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. हवा सगळीकडे असते, जळणारा पदार्थ समोर दिसतो. शोधायची असते ती उष्णता. चूल, समई, विडी, विजेची तार, वीज पडणे, यंत्राचे घर्षण, की कोणी मुद्दाम लावलेली काडी? अधिकारी शक्य तेवढी सारी कारणे समोर मांडतो आणि पुराव्याने एकेक खोडत जातो. उगमाच्या जागेची राख तो थराथराने उकरतो आणि धान्य चाळावे तशी चाळणीतून चाळतो. चाळणीत काय सापडेल याचा नेम नसतो. एखादे बटण, इस्त्रीचा पत्रा, काडेपेटीचा अर्धा जळका तुकडा.

विजेच्या तारेचे कोडे थोडे अवघड आहे. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या की तेथे क्षणभर फार मोठी उष्णता निर्माण होऊन तांब्याचा चकचकीत गोल मणी बनतो. आगीच्या नुसत्या उष्णतेने वितळलेली तार मात्र ओघळलेल्या मेणबत्तीसारखी दिसते. मणी सापडला तर त्या क्षणी त्या तारेत वीज होती एवढे पक्के होते. पण तारेमुळे आग लागली, की आगीने तारेवरचे आवरण जाळल्यामुळे तारा एकमेकींना लागल्या, हे मणी सांगत नाही. त्यासाठी पुन्हा उगमाच्या जागेकडेच जावे लागते.

रॉकेल किंवा पेट्रोल ओतल्याचा संशय असेल, तर माती, लाकूड, कापड यांचे नमुने घेतात. हे नमुने साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत नाहीत. कारण अशा पिशवीतून तेलाची वाफ हळूहळू निघून जाते. स्वच्छ, नवा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी वापरतात, त्यावर लाखेची मोहोर लावतात आणि पंचांच्या सह्या घेतात. संशय नसलेल्या जागेचाही एक नमुना घ्यावा लागतो. तुलना करायला काहीतरी हवे ना! मुंबईत कालिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत नमुना थोडा तापवून त्याची वाफ एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. वाफेतील निरनिराळे घटक निरनिराळ्या वेळी नळीच्या दुसऱ्या टोकाशी पोहोचतात आणि कागदावर लहानमोठी शिखरे उमटतात. पेट्रोलची शिखरे निराळी, रॉकेलची निराळी.

पण रॉकेल सापडले म्हणजे आग लावली असे नाही. ज्या घरात स्टोव्ह आणि कंदील होता, तेथे रॉकेल सापडणारच. प्रयोगशाळा 'काय' ते सांगते. 'का' ते सांगत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी आग लागली असेल, आगीच्या आधी हिशेबाच्या वह्या आणि किमती वस्तू हलवलेल्या असतील, तर संशय बळावतो. आग लावणे हा मोठा गुन्हा आहे आणि कायद्यात त्याला कडक शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे की ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्याच्या जागी न्यायसहायक तज्ज्ञाने स्वतः जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे. राज्यांनी ती हळूहळू अमलात आणायची आहे.

आता आपल्या मुरबाडच्या वखारीकडे परत जाऊ. गाव निकाल देऊन बसले आहे आणि तो शेतकरी घराबाहेर पडत नाही. अधिकारी येतो. तो आधी रस्त्याच्या बाजूने फिरतो. बाहेरून कोणी काडी लावली असती, तर त्या बाजूच्या खालच्या गाठी आधी आणि सर्वांत जास्त जळल्या असत्या. पण त्या बाजूच्या खालच्या गाठी वरवरच होरपळल्या आहेत. तो आत शिरतो. ढिगाच्या पोटात, जमिनीपासून थोड्या उंचीवर, एक काळी पोकळी आहे. तिच्या कडेच्या गाठी जळालेल्या नाहीत, पण त्यांचा रंग तंबाखूसारखा गडद तपकिरी झाला आहे आणि त्यांना करपलेल्या गुळासारखा वास येतो. आग बाहेरून आत गेलेली नाही. ती आतून बाहेर आली आहे.

वखारीत वीज नाही. त्या रात्री आभाळ निरभ्र होते. संशयाच्या जागेच्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले, त्यांत रॉकेल किंवा पेट्रोल मिळाले नाही. मग अधिकारी मालकाला एकच प्रश्न विचारतो, "गवत बांधले तेव्हा कोरडे होते का?"

मालक थोडा वेळ गप्प राहतो. तीन आठवड्यांपूर्वी अवेळी पाऊस आला होता. पसरलेले गवत भिजले. ट्रक ठरलेला होता, म्हणून दोन दिवसांचे ऊन देऊन तसेच दाबले. मग ट्रक आलाच नाही.

ओलसर गवत दाबून ठेवले की त्यात सूक्ष्म जीव वाढतात. ते जगतात, श्वास घेतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. सुमारे ७० अंशांपर्यंत तापमान गेले की ते जीव मरतात. पण तोवर गवताची हवेशी रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि ती स्वतःच उष्णता वाढवत राहते. बाहेरचे गवत गोधडीसारखे काम करते, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. दोन-चार आठवड्यांनी ढिगाचे पोट धुमसू लागते. कोणी काडी लावावी लागत नाही. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर तोही असाच आपोआप पेटू शकतो. सुतारकाम करणाऱ्या घरांत हे ठाऊक असते.

वखारीचा राखणदारही आता आठवून सांगतो. चार दिवसांपासून गोडसर वास येत होता. पहाटे ढिगावरून वाफ निघताना दिसे, पण थंडीचे दिवस, त्याला वाटले धुके असेल. भांडण आठ दिवसांपूर्वीचे आहे. ढीग मात्र त्याच्या आधीपासून तापत होता.

वखारीच्या दुसऱ्या टोकाला त्याच पावसात भिजलेल्या गाठींचा आणखी एक ढीग उभा आहे, न जळलेला. अधिकारी लोखंडाची एक लांब सळई मागवतो आणि ती ढिगाच्या मध्यात खोल खुपसून ठेवतो. पंधरा मिनिटांनी राखणदार ती बाहेर ओढतो आणि टोकाला हात लावताच चटकन सोडून देतो.

आता हा ढीग मोडायला हवा. पण तापलेल्या ढिगात एकदम हवा शिरली तर तोही पेटेल, म्हणून आधी पाणी हवे. एक टँकर येऊन उभा राहतो. तो ज्या ट्रॅक्टरला जोडला आहे, तो त्या शेजारच्या शेतकऱ्याचा आहे. आदल्या संध्याकाळी त्याच्या हातात जो डबा होता, त्यात या ट्रॅक्टरचेच डिझेल होते. पाण्याची धार सुरू होते, वरची गाठ बाजूला काढतात, आणि आतून पांढरी वाफ उसळते.